दिवा लागतो, पण बोर्ड बोलत नाही

मार्च-एप्रिल आला की यवतमाळ आणि पुसदच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत, तंत्रनिकेतनांत शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांची घाई सुरू होते. विषय बहुधा घरच्या शेतातूनच आलेले असतात. काळ्या जमिनीतली ओल मोजणारा सेन्सर, कपाशीला ठिबकचे पाणी वेळेवर सोडणारा व्हॉल्व्ह, मोबाइलवरून विहिरीवरची मोटार सुरू करणारा स्टार्टर. शेतीची वीज पाळीपाळीने कधी दिवसा येते, कधी रात्री. अंधारात, साप-विंचवाच्या धास्तीत ओलितासाठी जाणाऱ्या बाबांची पायपीट वाचावी म्हणून एखादी मुलगी तळहातावर मावेल एवढा बोर्ड विकत घेते. केबल लावते. बोर्डावरचा दिवा लागतो. ती ‘अपलोड’वर क्लिक करते. पडद्यावर ‘कनेक्टिंग’ हा शब्द येतो आणि त्यापुढे ठिपके उमटू लागतात. ठिपके, आडव्या रेघा, पुन्हा ठिपके. शेवटी निरोप येतो, की जोडणी झाली नाही.

‘बोर्ड उडाला’ असा निकाल इथेच दिला जातो, आणि पुष्कळदा तो चुकीचा असतो. नवा बोर्ड आणायला यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटरवर आहे, नाहीतर कुरिअरची वाट पाहायची. पैसे जातात, दिवस जातात आणि बरेचदा नव्या बोर्डावरही तेच ठिपके उमटतात, कारण खोट बोर्डात नव्हतीच.

ती शोधायची कशी, हे त्या मुलीच्या बाबांना चांगले ठाऊक आहे. ठिबकच्या शेवटच्या ओळीत पाणी आले नाही म्हणून कोणी सगळ्या नळ्या उपटून फेकत नाही. मोटार चालू आहे का, फिल्टरच्या अलीकडे आणि पलीकडे दाब किती, सबमेनचा व्हॉल्व्ह उघडा आहे का, लॅटरलचे टोक सोडले तर पाणी येते का, अशा क्रमाने शेतकरी जातो. पाणी कुठपर्यंत पोचले हे कळले की अडचण त्याच्या पुढे आहे हे कळते. संगणकापासून चिपपर्यंतचा रस्ताही असाच टप्प्याटप्प्यांचा आहे.

पहिला टप्पा: केबल

यूएसबी २.० केबलच्या आत चार तारा असतात. लाल आणि काळी वीज नेतात. हिरवी आणि पांढरी माहिती नेतात. काही स्वस्त केबल फक्त मोबाइल चार्ज करण्यासाठी बनवलेल्या असतात. त्यांत माहितीच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. अशा केबलने बोर्डावरचा दिवा झोकात लागतो, पण संगणकाला बोर्ड दिसत नाही. दिवा एवढेच सांगतो, की वीज आली. बाहेरून दोन्ही केबल सारख्याच दिसतात, म्हणून ही चूक सर्वांत जास्त वेळ खाते. त्याच केबलने मोबाइलमधले फोटो संगणकावर घेता येतात का, हे पाहिले की मिनिटभरात उलगडा होतो.

माहितीच्या तारा असूनही केबल दगा देऊ शकते. बारीक, लांब केबलीच्या जाण्या-येण्याच्या मार्गाचा रोध एक ओहम असेल आणि बोर्डाने अर्धा अँपिअर प्रवाह ओढला, तर ओहमच्या नियमानुसार अर्धा व्होल्ट केबलीतच हरवतो. पाचाचे साडेचार राहतात. वाय-फाय असलेल्या ईएसपी-३२ या चिपला लागतात ३.३ व्होल्ट आणि ते तयार करणाऱ्या बोर्डावरच्या नेहमीच्या रेग्युलेटरला स्वतःसाठी साधारण १.१ व्होल्टचे अंतर हवे असते. हिशेब जेमतेम जुळतो. वाय-फायचा रेडिओ सुरू होताच प्रवाह एकदम वाढतो, दाब खाली येतो आणि चिप आपले नुकसान टाळण्यासाठी स्वतःच पुन्हा सुरू होते. गावात एकाच वेळी सगळ्या मोटारी लागल्यावर दिवे मंद होतात, तसाच हा प्रकार.

दुसरा टप्पा: दुभाषा

अर्डुइनो उनो या बोर्डावरच्या एटीमेगा ३२८पी या मुख्य चिपला यूएसबीची भाषा येत नाही. तिला एका तारेवरून एकामागून एक बिट पाठवण्याची जुनी, साधी सीरियल पद्धत कळते. म्हणून बोर्डावर आणखी एक चिप दुभाष्याचे काम करते. स्वस्त बोर्डांवर ती बहुधा सीएच-३४० असते, ईएसपी-३२ च्या अनेक बोर्डांवर सीपी-२१०२. या दुभाष्याला ओळखणारा ड्रायव्हर संगणकात हवा. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि केबल लावा-काढा. यादीत नवा ‘कॉम’ पोर्ट येतो-जातो का, ते पाहा. पिवळे चिन्ह दिसले तर ड्रायव्हर नाही. काहीच हलले नाही तर केबलीकडे परता. लिनक्सवर पोर्ट दिसतो पण उघडत नाही, तेव्हा वापरकर्त्याला ‘डायलआउट’ गटाची परवानगी द्यावी लागते. आणि बोर्डाशी मजकुराची देवाणघेवाण करणारा सीरियल मॉनिटर दुसऱ्या खिडकीत उघडा असेल तर पोर्ट आधीच व्यापलेला असतो.

तिसरा टप्पा: सेकंदभराची हाक

इथून पुढचा भाग मला सगळ्यांत सुंदर वाटतो. मुख्य चिपच्या स्मृतीत एका कोपऱ्यात बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम कायम बसलेला असतो. उनोवरचा बूटलोडर अवघ्या ५१२ बाइटचा आहे. चिप जागी होताच तो साधारण सेकंदभर कान देऊन बसतो. नवा प्रोग्राम घेऊन कोणी आले आहे का? कोणी आले नाही, तर तो जुन्या प्रोग्रामच्या हाती कारभार सोपवतो. संगणक ४८ आणि ३२ हे दोन आकडे पाठवतो. बूटलोडरने उत्तरादाखल २० आणि १६ पाठवले, की ओळख पटली. हे उत्तर आले नाही, की ‘प्रोग्रामर प्रतिसाद देत नाही’ अशा अर्थाचा निरोप पडद्यावर येतो.

त्या एका सेकंदात नेमकी हाक पोचावी कशी? त्यासाठी चिप नेमक्या क्षणी रीसेट व्हायला हवी. हे काम डीटीआर नावाची तार करते. तिचा जन्म १९६० च्या दशकातल्या आरएस-२३२ या मानकातला. मोडेमला ‘मी तयार आहे’ असे कळवणे हे तिचे मूळ काम. पुढे मोडेम मागे पडले, तार उरली. बोर्ड बनवणाऱ्यांनी ती १०० नॅनोफॅरडच्या एका कपॅसिटरमधून रीसेट पिनला जोडली. पोर्ट उघडताच रीसेटला क्षणभर धक्का बसतो आणि बूटलोडर जागा होतो. एके काळी चिप पुन्हा प्रोग्राम करणे हे केवढे काम होते! चिप सॉकेटमधून काढायची, तिच्या क्वार्ट्झच्या खिडकीतून अतिनील प्रकाश सोडायचा, पंधरा-वीस मिनिटांनी जुना मजकूर पुसला गेला की वेगळ्या यंत्रात घालून नवा लिहायचा. इटलीतल्या इव्रेआ गावात २००५ मध्ये अर्डुइनो जन्माला आला तो डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी, आणि चिप न काढता एका केबलीवर प्रोग्राम टाकता येणे हे त्याच्या लोकप्रियतेचे मोठे कारण ठरले.

दोघांच्या बोलण्याचा वेग जुळला नाही तरी संवाद होत नाही. अर्डुइनो नॅनोच्या जुन्या बूटलोडरचा वेग सेकंदाला ५७,६०० बिट आहे, नव्याचा १,१५,२००. म्हणून प्रोसेसरच्या यादीत ‘ओल्ड बूटलोडर’ निवडताच ‘मेलेला’ नॅनो अनेकदा चटकन बोलू लागतो.

२०१६ मध्ये आलेल्या ईएसपी-३२ ची रीत थोडी निराळी. रीसेटच्या क्षणी तो आपल्या शून्य क्रमांकाच्या पिनकडे पाहतो. तिथे दाब शून्य असेल तर नवा प्रोग्राम घ्यायचा. नसेल तर आधीचा चालवायचा. मग संगणक त्याला ३२ वेळा ८५ हा आकडा पाठवतो. ८५ च का? द्विमान पद्धतीत तो ०१०१०१०१ असा लिहितात. शून्य-एक, शून्य-एक या एकसारख्या ठेक्यावरून चिप समोरच्याच्या बोलण्याचा वेग मोजून घेते. टाळ ऐकून भजनात सूर मिळवावा, तसे. प्रत्येक फसलेल्या हाकेमागे पडद्यावर एक ठिपका किंवा रेघ उमटते. काही बोर्डांवर रीसेट आणि शून्य पिन यांची वेळ जुळत नाही. तेव्हा ठिपके सुरू होताच ‘बूट’ लिहिलेले बटण दाबून धरायचे आणि लेखन सुरू झाले की सोडायचे. रोज हा त्रास नको असेल तर ईएन (रीसेटची) पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तरी बहुतेक बोर्ड सुधारतात.

मध्येच बोलणारे पाहुणे

मोटार स्टार्टरच्या प्रकल्पात एक खोट हमखास भेटते. मोबाइलवरचा निरोप घेणारे जीएसएम मॉड्यूल उनोच्या ० आणि १ क्रमांकाच्या पिनांना जोडलेले असते. संगणक ज्या तारांवरून हाक मारतो, त्या याच. दोन माणसे बोलत असताना तिसरा मध्येच बोलू लागला की कोणालाच काही कळत नाही. प्रोग्राम टाकताना त्या दोन तारा काढा, नंतर पुन्हा लावा. ईएसपी-३२ वर १२ क्रमांकाच्या पिनचीही अशीच काळजी घ्यावी लागते. सुरू होताना तिथे बाहेरून दाब आला तर चिप आपल्या स्मृतीला ३.३ ऐवजी १.८ व्होल्ट देते आणि बोर्ड अडून बसतो. म्हणून पहिला नियम हा, की अडचण आली की बोर्डावरचे सगळे सेन्सर, रिले काढून तो मोकळा करावा आणि मग तपासावे.

रस्ता मधोमध तोडा

तरीही जमले नाही तर एक साधा प्रयोग करा. उनोची रीसेट पिन तारेने ग्राउंडला जोडा, म्हणजे मुख्य चिप झोपलेली राहील. ० आणि १ या पिना दुसऱ्या तारेने एकमेकींना जोडा. सीरियल मॉनिटर उघडून ‘यवतमाळ’ असे टाइप करून पाठवा. ‘यवतमाळ’ परत आले, तर संगणक, ड्रायव्हर, केबल, दुभाषी चिप हा अर्धा रस्ता निर्दोष ठरला. आता खोट रीसेटमध्ये, मुख्य चिपमध्ये किंवा बूटलोडरमध्ये. परत आले नाही, तर मुख्य चिपवर संशय घेण्याचे अजून कारण नाही. एका प्रयोगात निम्मे संशयित बाजूला झाले.

बूटलोडर पुसला गेला असेल तरी बोर्ड वाया जात नाही. दुसरा चालू बोर्ड घ्या, त्यात ‘अर्डुइनो ॲज आयएसपी’ हा तयार प्रोग्राम टाका, सहा तारा जोडा आणि पहिल्यात बूटलोडर नव्याने लिहा. फक्त मदत करणाऱ्या बोर्डाच्या रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घाला, नाहीतर हाक ऐकून तोच रीसेट होईल.

या सगळ्यात पाळायची शिस्त एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय दिसले ते वहीत लिहायचे. केबल, पोर्ट, ड्रायव्हर एकदम बदलले आणि बोर्ड चालला, तर चालला याचा आनंद होतो, पण खोट कशात होती हे कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा तेवढीच रात्र जाते. ही शिस्त शाळेतूनच लागू शकते. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून २०१६ पासून देशभरातल्या शाळांत अटल टिंकरिंग लॅब उभ्या राहिल्या. सहावी ते बारावीची मुले तिथे असेच बोर्ड हाताळतात. प्रोग्राम पहिल्या झटक्यात चालला तर मूल प्रोग्राम शिकते. अडला आणि त्याने अडल्याची जागा शोधली तर ते शोधायला शिकते. शिक्षकांनी घाईने दुसरा बोर्ड हातात देऊ नये, ‘कुठपर्यंत पोचले?’ एवढे विचारावे.

आणि खोट केबलीत निघाली, तर ती केबल टेबलावर तशीच ठेवू नका. तिच्या टोकाला कागदी टेप चिकटवा आणि त्यावर पेनाने लिहा: ‘फक्त चार्जिंग’. उद्या त्याच टेबलाशी बसणाऱ्या मुलाला ठिपके पाहत जागावे लागणार नाही.