मण्यार आणि कवड्या

पालघर जिल्ह्यातल्या उमरोळीच्या परिसरात भाताची आवणी सुरू झाली की बांधावर पाय टाकण्याआधी माणूस साप नाही ना म्हणून खाली बघतो. प्राणिसंग्रहालयांत पर्यटकांना प्राण्यांसमोर उभं करून माहिती दिली जाते, त्यावर लिहायला संपादकांनी सांगितलं, तेव्हा मला वाघ-सिंहांच्या आधी पुण्याचं कात्रज सर्पोद्यान आठवलं.

सर्पोद्यान 1986 चं. महापालिकेचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय तिथेच 1999 मध्ये खुलं झालं. इतिहास एवढा पुरे, कारण मन अडकतं ते सर्पोद्यानासाठी पुढाकार घेणाऱ्या नीलिमकुमार खैरे यांच्यापाशी. माथेरानला एका हॉलिडे होमचे व्यवस्थापक असताना त्यांनी बिनविषारी सापही ठेचले जाताना पाहिले. डिवचल्याशिवाय साप चावत नाही हे लोकांना पटावं म्हणून जानेवारी 1980 मध्ये पुण्यात ते काचेच्या खोलीत 72 विषारी सापांसोबत 72 तास राहिले. त्यांत नाग होते, पट्टेरी मण्यारी होत्या, 24 घोणशी होत्या. अंगावर चढलेला साप ते अलगद उचलून खाली ठेवत. एकही दंश झाला नाही. लोकांना प्राण्याविषयी सांगण्याचा याहून अवघड प्रकार मला माहीत नाही.

चेन्नईजवळ वडनेम्मेलीला इरुळा आदिवासींची सहकारी संस्था पर्यटकांसमोर सापाचं विष काढून दाखवते. साप मातीच्या मडक्यात, तोंडाला कापड. ठरावीक वेळा विष काढलं की पोटावरच्या खवल्याची खूण करून त्याला जंगलात सोडतात. त्या विषावर घोड्यांच्या मदतीने प्रतिविष तयार होतं. समोर काचपात्रात पडणारे पिवळट थेंब पाहिलेल्या माणसाला इंजेक्शन कुठून येतं ते वेगळं समजवावं लागत नाही.

पण हाताळणीचं आकर्षण घातक आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर नाग खेळवताना कितीतरी तरुण जीव गमावतात. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून आहे, तरी हे थांबत नाही. म्हणून साप काचेआडच हवा आणि काचेबाहेर बोलणारा माणूस हवा. मण्यार आणि तिच्यासारखाच दिसणारा कवड्या शेजारी ठेवून त्याने एवढं जरी दाखवलं, की विषारी मण्यारीचे पांढरे पट्टे शेपटीकडे ठळक असतात आणि बिनविषारी कवड्याचे मानेकडे, तरी खूप झालं. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. फारसं दुखत नाही, सूज येत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात, आणि घरच्यांना वाटतं रात्रीचं जेवण बाधलं. पाटीवरच्या दोन ओळींतून हे कळत नाही.

2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बहुतेक खेड्यांतली. हे मृत्यू 2030 पर्यंत निम्म्यावर आणण्याचा आराखडा केंद्राने 2024 मध्ये जाहीर केला. पण ज्यांना ही माहिती सर्वांत जास्त हवी, ते तिकीट काढून कात्रजला जाणार नाहीत. आमच्या भागात डहाणूपर्यंत लोकल 2013 मध्ये आली, पण आवणीच्या दिवसांत शेत सोडून पुणं कोण गाठणार?

तेव्हा सर्पोद्यानांना विनंती आहे: साप तिथेच राहू द्या, बोलणारी माणसं मात्र चित्रं आणि प्रतिकृती घेऊन मे महिन्यातच पालघर-बोईसरच्या शाळांत आणि ग्रामसभांत पाठवा. आणि उमरोळीकरांनो, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा, रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नका. दंश झालाच तर चिरा नको, घट्ट दोरी नको, भगताकडे फेरा नको; अवयव हलू न देता 108 ला फोन करून रुग्णालय गाठा.