जीवशास्त्रीय विदेची समान परिभाषा : ‘जीन ऑन्टॉलॉजी’चा अनुभव

जीवशास्त्रात आज विदेचा तुटवडा नाही. अडचण आहे ती तिच्या नामकरणाची. फळमाशीतील ‘विंगलेस’ व उंदरातील ‘इंट-१’ ही एकाच मूळ जनुकाची रूपे असल्याचे १९८७ मध्ये स्पष्ट झाले. तोवर दोन्हींचा अभ्यास वेगवेगळ्या नावांनी चालला होता. प्रत्येक जीवाची विदा-संचयिका स्वतंत्र परिभाषा वापरू लागल्यास संगणकाला असे साम्य ओळखता येत नाही. यावर उपाय म्हणून फळमाशी, यीस्ट व उंदीर यांच्या संचयिकांनी १९९८ मध्ये एकत्र येऊन ‘जीन ऑन्टॉलॉजी’ सुरू केली.

या परिभाषेत जनुक-उत्पादनाचे वर्णन तीन अंगांनी होते : रेणवीय कार्य, जैविक प्रक्रिया आणि पेशीतील स्थान. येथे वर्गीकरणाच्या वृक्षाप्रमाणे प्रत्येक संज्ञेला एकच जनक नसतो. ‘मायटोकॉन्ड्रियाचे अंतःपटल’ ही संज्ञा ‘मायटोकॉन्ड्रियाचे पटल’ व ‘अंगकाचे अंतःपटल’ या दोहोंखाली येते. त्यामुळे यांपैकी कशाचाही शोध घेतला तरी ती नोंद हाती लागते. प्रत्येक संज्ञेला व्याख्या आणि क्रमांक असतो. ‘जीओ:०००६९१५’ या संज्ञेचे नाव ‘अपॉप्टॉसिस’ऐवजी ‘अपॉप्टॉटिक प्रक्रिया’ असे झाले. क्रमांक मात्र तोच राहिला.

इंग्रजीतील ‘बड’ हा शब्द फुलाला, यीस्टला आणि उगवत्या दातालाही चालतो, म्हणून तेथे तीन अर्थ वेगळे करावे लागले. मराठीत कळी, मुकुल व दंतकलिका हे शब्द आधीच वेगळे आहेत. परिभाषेच्या बाबतीत आपली भाषा नेहमीच तोकडी पडते, असे नाही!

तथापि संज्ञा जुळली म्हणजे ज्ञान सिद्ध झाले, असे मानणे धोक्याचे आहे. प्रत्येक नोंदीसोबत पुरावा-संकेत असतो. ‘आयडीए’ म्हणजे प्रत्यक्ष प्रयोगातून मिळालेला पुरावा. ‘आयईए’ म्हणजे संगणकाने केलेले अनुमान, ज्याची नोंदनिहाय मानवी तपासणी झालेली नसते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत हा स्तंभ बहुधा गाळला जातो आणि अनुमानालाच प्रयोगाचे वजन प्राप्त होते. त्याहून गंभीर चूक ‘नॉट’ या विशेषकाबाबत संभवते. एखादे जनुक-उत्पादन अमुक कार्य करीत नाही, असे प्रयोगाने दाखविल्यास त्या कार्याची संज्ञाच नोंदली जाते व सोबत ‘नॉट’ लिहिले जाते. हा शब्द न वाचणाऱ्या संगणक-प्रणालीला त्या नोंदीतून नेमका उलट अर्थ मिळतो.