जुनी पिकअप, धरणकाठचा चिखल आणि उंची वाढविण्याची हौस

उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठी, म्हणजे करमाळा तालुक्यातील कुगाव, चिखलठाण, केत्तूर, वाशिंबे, कंदर या बाजूस आणि पलीकडे इंदापूर तालुक्यात पळसदेवच्या अंगास, बैलगाडीची जागा पिकअप गाडीने घेतली त्यास आता बरीच वर्षे लोटली. केळीचे घड, उसाचे बेणे, खताच्या गोण्या, मासळीचे क्रेट, सर्व काही तिच्यातूनच जाते. या गाड्या बहुधा दुसऱ्या हाताने घेतलेल्या असतात. हल्ली अशा जुन्या गाडीस ‘लिफ्ट किट’ बसवून तिची उंची चार इंच वाढवावी, रुंद डिस्क व दांडग्या नक्षीचे टायर घालावेत, असा विचार तरुण बागाईतदारांत फार बोलला जातो. ही हौस निव्वळ डौलाकरिता असती तर आम्ही तिच्या वाटेस गेलो नसतो. परंतु तिच्या मुळाशी खरी अडचण आहे, सबब तिचा नीट विचार होणे इष्ट आहे.

अडचण अशी. धरण 1980 साली पुरे झाले. त्याची एकंदर साठवण सुमारे 117 टीएमसी असून पैकी सुमारे 63 टीएमसी हा मृतसाठा होय. उन्हाळ्यात पाणी या मर्यादेच्याही खाली उतरते. 2024 च्या उन्हाळ्यात तर मृतसाठ्याचाही मोठा भाग संपला होता. पाणी जसजसे मागे हटते तसतसा काठचा बागाईतदार मोटार, केबल व पाइप घेऊन त्याच्या मागे जातो आणि चारी खणून पाणी मोटारीपर्यंत आणतो. काल जेथे पाणी होते तेथे आज गाडी घालावी लागते. ही गाळाची काळी जमीन वरून भेगाळलेली दिसते, पण वीतभर खाली लोण्यासारखी असते. गाडी तीत रुतली की मालकास वाटते, गाडी बुटकी आहे म्हणून रुतली.

येथेच हिशेब चुकतो. पिकअपच्या मागील आसाच्या मध्यभागी डिफरन्शियलचा गोळा असतो. गाडीत जमिनीस सर्वांत जवळ असणारा भाग बहुधा तोच होय, आणि चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर प्रथम तोच टेकतो. लिफ्ट किटमध्ये आस व पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालतात किंवा अधिक वाकाचे पाटे बसवितात. त्यामुळे चासी वर जाते, हौदा वर जातो, पण आस चाकांनाच जोडलेला असल्याने तो जेथे होता तेथेच राहतो. चार इंचांचे किट घातले तरी गोळा एक सूतही उचलला जात नाही. चासी, पायऱ्या व बंपर वर जातात हे खरे, आणि खडकाळ ओढा उतरताना त्याचा उपयोगही होतो. परंतु आपले दुखणे खडकाचे नव्हे, गाळाचे आहे.

आस उचलण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे टायरचा व्यास वाढविणे. तोही किती वाढतो ते पाहावे. 215/75 आर 15 या टायरचा व्यास सुमारे 703 मिलिमीटर भरतो आणि 235/75 आर 15 चा सुमारे 733. फरक 30 मिलिमीटर, पैकी निम्मा आसाच्या वर. म्हणजे गोळा दीड सेंटिमीटर उचलला गेला. शिवाय काटा 60 दाखवील तेव्हा गाडी सुमारे साडेबासष्टच्या वेगाने धावत असेल, आणि भरल्या गाडीस चढावर पहिला गिअर थोडा जड जाईल. दीड सेंटिमीटरची ही किंमत कोणास परवडेल ते ज्याचे त्याने ठरवावे.

आता उंचीने काय बिघडते ते पाहू. समजा, चाकांतील अंतर 1.4 मीटर आहे आणि केळीने भरलेल्या गाडीचा भारमध्य जमिनीपासून 1.1 मीटरवर आहे. कागदावर अशी गाडी सुमारे 32 अंशांच्या आडव्या उतारापर्यंत तोल धरील. भारमध्य चार इंच वर नेला की हाच आकडा 30 वर येतो. प्रत्यक्षात पाटे एका बाजूस दबतात आणि भार सरकतो, त्यामुळे पालथे होण्याची वेळ याच्या फार आधी येते. त्यातून ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या चाकोऱ्या पिकअपच्या चाकांस जुळत नाहीत; एक चाक चाकोरीत व दुसरे उंचवट्यावर, अशी तिरपी गाडी आपण रोजच चालवितो. हौद्यात मालावर मजूर बायका बसलेल्या असतात, हे कायद्यास मान्य नसले तरी घडते. दोन अंशांचा हा हिशेब त्यांच्या जिवाचा आहे.

दुसरे, आस व चासी यांतील अंतर वाढले की शाफ्टचा कोन बदलतो, गाडी थरथरते आणि क्रॉस लवकर जातात. ब्रेकची रबरी नळी तोकडी पडते. अनेक पिकअपना मागील ब्रेकवर भारानुसार दाब कमी-जास्त करणारी झडप असते. चासी व आस यांतील अंतरावरून ती ‘गाडी भरली आहे की रिकामी’ हे ओळखते. किट घातल्यावर भरलेली गाडीही तीस रिकामी भासते आणि मागील ब्रेक हलका लागतो. जेऊर किंवा टेंभुर्णीकडे माल भरून निघालेल्या गाडीस हे कसे मानवेल? पुढच्या आसावर ठोकळा तर कदापि घालू नये. ज्या गाड्यांस पुढे टॉर्शन बार आहेत, त्यांतील बार पिळून नाक वर करण्याची जी युक्ती कारागीर सांगतात, तिने टायर असमान झिजतात व बॉल जॉइंट सैल होतात.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम 1988, कलम 52 अन्वये कारखान्याने मुळात नमूद केलेल्या तपशिलाविरुद्ध वाहनात फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठरविले. त्याच वर्षीच्या सुधारणेने, फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की तिची पासिंग दरसाल करावी लागते. म्हणजे ही गोष्ट झाकून राहणारी नाही. अपघात झाल्यास विमा कंपनीस हात वर करण्याचे निमित्त मिळते ते निराळेच.

मग करावे काय? जुनी गाडी बुटकी दिसते याचे कारण बहुधा तिचे पाटे बसलेले असतात. रिकामी गाडी सपाट फरशीवर उभी करून चारही बाजूंस चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत फूटपट्टीने मोजावे. डावी-उजवी बाजू विषम निघाली तर रोग सापडला. तुटके पान बदलावे, शक्यतो मूळ मापाचा नवा संच घालावा, आणि सोबत शॅकलचे बुश, यू-बोल्ट व शॉकॲब्सॉर्बरही पाहावेत. गेलेली उंची कायदेशीर मार्गाने परत मिळविण्याचा हाच उपाय होय. जादा पान घालून जादा माल भरणारे पुष्कळ आहेत. पानाने गाडीची मंजूर भारक्षमता वाढत नाही.

खरा पैसा टायरवर खर्चावा असे आमचे मत आहे. माप दाराच्या चौकटीवरील पट्टीत किंवा माहितीपुस्तकात दिलेले असते; आपल्या गाडीस कारखान्याने दोन मापे मान्य केली असतील तर मोठे घ्यावे, त्यापलीकडे जाऊ नये. भारांक अवश्य वाचावा. 100 म्हणजे एका टायरवर 800 किलो, 104 म्हणजे 900, 109 म्हणजे 1030, 112 म्हणजे 1120. प्रवासी मोटारीचा रुबाबदार टायर याच मापात स्वस्त मिळतो, पण त्याचा भारांक कमी असतो, आणि तो मालाखाली तापून फुटतो. पुढे उभ्या रेघांची नक्षी घ्यावी, तिने स्टिअरिंग सरळ राहते. मागे आडव्या गठ्ठ्यांची खोल नक्षी घ्यावी. काळी माती बारीक नक्षीत भरून टायर गुळगुळीत होतो. खोल व मोकळ्या नक्षीतून चाक फिरताच ती बाहेर फेकली जाते. टायरच्या कुशीवर चार आकडे असतात. 2319 असे असल्यास तो 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला असे समजावे. दुकानात ‘नवा’ म्हणून पडून असलेला जुना टायर असाच ओळखता येतो. नक्षी 1.6 मिलिमीटरवर आली की रस्त्यावरही टायर बाद. चिखलासाठी तो त्याच्या पुष्कळ आधी निकामी झालेला असतो. रिमोल्ड टायर पुढे लावू नये.

डिस्कविषयी थोडक्यात सांगतो. मूळ मापाची पोलादी डिस्क उत्तम. वाकली तर बदलता येते. बाहेर आलेल्या रुंद डिस्कने बेअरिंगवर भार येतो आणि चिखल थेट दारावर उडतो. गाळातून आल्यावर डिस्कच्या आतील माती धुऊन टाकावी. ती वाळून राहिली की हमरस्त्यावर चाक थरथरू लागते आणि मालक उगाच अलाइनमेंटचे पैसे भरतो.

एवढे करूनही पाण्यालगतच्या शेवटच्या पट्ट्यात दोन चाकांवर ओढणारी पिकअप नेऊ नये. ती कठीण काठावर उभी करून मोटार व पाइप ट्रॅक्टरने पुढे न्यावेत. नेणे भागच पडले, तर गाडी रिकामी करून मागील टायरची हवा थोडी कमी करावी, आणि पक्क्या रस्त्यास लागण्यापूर्वी ती पुन्हा भरावी. त्याकरिता हातपंप गाडीतच ठेवावा. चाक रुतल्यावर रेस वाढवू नये, गोळा अधिकच खाली बसतो. चाकापुढची माती फावड्याने काढून उसाचे कोरडे पाचट दाबून भरावे; केळीचे खांब घालू नयेत, त्यांवर चाक घसरते. गाडी निघाल्यावर उरलेले पाचट हौद्यात परत टाकावे, दुसऱ्या फेरीस ते लागतेच.