गाठ अनसिंगला, तपास अकोल्याला

विदर्भात प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटलेला खर्रा हाकेच्या अंतरावर मिळतो. त्याने तोंडात झालेली जखम कसली आहे, हे सांगणारा अहवाल मात्र मिळता मिळत नाही. वाशिम-पुसद रस्त्यावरच्या अनसिंगसारख्या गावात कॅन्सर उशिरा सापडतो, तो या दोन टोकांच्या मधे.

‘दुखत तं नाही, मंग कायले जायचं?’ हा पहिला अडसर. सुरुवातीचा कॅन्सर बहुधा दुखतच नाही. तोंडात तीन बोटं उभी शिरत नसतील तर तो खर्र्याचा इशारा असू शकतो, पण तोही अनेकदा फारसा दुखत नाही. सोयाबीन निघेपर्यंत मेडिकलवरच्या मलमावर भागतं. मग वाशिम, तिथून अकोला किंवा नागपूर. तपासणीसाठी जखमेचा तुकडा काढायला एक फेरी, अहवालाला दुसरी. दर फेरीला रोग्याची आणि सोबत्याचीही मजुरी बुडते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा मुख्य आधार दाखल रुग्णाच्या उपचारांना. निदानाआधीची ही वणवण बहुतेकदा खिशातूनच होते.

दोष फक्त किलोमीटरचा मानला, तर मुंबई तो समज खोटा ठरवते. टाटा कॅन्सर रुग्णालय ज्या शहरात आहे, तिथल्याच झोपडपट्ट्यांतल्या बायका उशिरा पोचत. टाटाने १९९८ पासून वस्तीतच तपासणी सुरू केली, तीही डॉक्टरांकरवी नव्हे, तर दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्त्रियांकरवी. गर्भाशयमुखावर व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावायचं. पांढरा डाग उमटला की पुढची तपासणी. दीड लाख स्त्रियांच्या या अभ्यासात, तपासणी मिळालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, तर आपल्यासारखंच कोरडवाहू. तिथे बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयासह टाटाने १९९९ पासून गावोगावच्या १,३१,७४६ स्त्रियांवर अभ्यास केला. याच कॅन्सरला कारणीभूत एचपीव्ही विषाणूची एकच चाचणी झालेल्या गटात त्याचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. माणसं तीच, रस्ते तेच. तपासणी तेवढी दारात आली.

वाशिमला २०२४ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. तुकडा गावाजवळ काढून नमुना गाडीने पाठवावा आणि अहवाल फोनवर यावा, एवढी सोय त्याच्या भोवती उभी राहिली तरी कितीतरी फेऱ्या वाचतील. आणि तोवर? तिशी ओलांडलेल्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी कार्यक्रमात मोफत आहे. आपल्या आशाताईंना याच आठवड्यात विचारा.