तब्येत तुमची, मूड जोडीदाराचा

हेडफोन लावलेत ना? आज एका अगदी साध्या प्रश्नाबद्दल बोलूया: "एकंदरीत तुमची तब्येत कशी आहे?" उत्तम, चांगली, ठीकठाक की वाईट, यातलं एक निवडायचं. आरोग्याच्या मोठ्या सर्वेक्षणांमध्ये हा प्रश्न विचारतात. म्हणजे आपल्या तब्येतीला आपणच मार्क द्यायचे.

हे मार्क किती खरे?

१९९७ मध्ये एलेन आयडलर आणि याएल बेन्यामिनी यांनी असे २७ अभ्यास एकत्र तपासले. वय, आजार वगैरे हिशेबात धरूनही, स्वतःला कमी मार्क देणाऱ्यांमध्ये पुढच्या काळात मृत्यूचा धोका बहुतेक अभ्यासांत जास्त निघाला. म्हणजे रिपोर्टमध्ये न दिसणारं काहीतरी माणसाला आतून कळत असतं.

आता जोडीदाराकडे वळू

२०१७ मध्ये विल्यम चोपिक आणि एड ओब्रायन यांनी अमेरिकेतल्या पन्नाशीपुढच्या १,९८१ जोडप्यांची सहा वर्षांची माहिती अभ्यासली. स्वतः आनंदी असलेल्याची तब्येत बरी, हे अपेक्षितच होतं. पण जोडीदार आनंदी असेल, तरी आपली तब्येत बरी निघाली! आपला स्वतःचा आनंद वेगळा मोजल्यावरसुद्धा.

असं का होत असेल? एक, आनंदी माणूस सोबतच्याची काळजी जास्त घेऊ शकतो. गोळी घेतलीस का, डॉक्टरकडे जाऊया का, हे तोच विचारतो. दोन, तो चालायला निघाला की दुसराही चपला घालतो. तीन, घरात डोक्याला ताप कमी.

आणि घरातला ताप अंगावर दिसतो बरं का. २००५ मध्ये जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांच्या टीमने ४२ जोडप्यांच्या हातावर छोटे फोड आणून ते किती दिवसांत भरतात हे पाहिलं. एकमेकांशी कडवटपणे वागणाऱ्या जोडप्यांच्या जखमा इतरांच्या जेमतेम ६० टक्के वेगाने भरल्या.

पण थांबा

आनंदामुळे तब्येत सुधारते, की तब्येत बरी म्हणून घर आनंदी? दोन्ही होत असणार. चोपिक यांच्या अभ्यासात संबंध दिसतो, पण तेवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही.

दुसरं म्हणजे, मार्क देणारा कशाशी तुलना करतो, यावरही ते ठरतात. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये दाखवलं होतं की आयुर्मान जास्त असलेल्या केरळात लोक आजारपण जास्त सांगतात, तर बिहारमध्ये खूपच कमी. आपल्या घरातही हेच चालतं. "मला काय धाड भरलीये!" म्हणणाऱ्या आईचे गुडघे रात्रभर ठणकत असतात.

म्हणून माझं म्हणणं दोनच गोष्टींचं. आईबाबांना सगळ्यांसमोर "बरे आहात ना?" विचारू नका. एकेकट्याला विचारा: झोप लागते का? जिना चढताना दम लागतो का? आणि हल्ली तुम्ही दोघं एकमेकांशी नीट बोलता का?

आणि ज्यांचं लग्न झालंय किंवा ठरतंय, त्यांच्यासाठी. "नवऱ्याला खूश ठेव" हा सल्ला आपल्याकडे फक्त मुलींनाच मिळतो. त्या १,९८१ जोडप्यांत नवरा-बायकोमध्ये फरक दिसला नव्हता. बायकोचा आनंदही नवऱ्याच्या तब्येतीशी तितकाच जोडलेला होता. तेव्हा मुलांनो, हा एपिसोड तुम्हीही शेवटपर्यंत ऐका!

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, स्वतःची आणि शेजारी बसलेल्या माणसाचीही.