टाकीच्या रंगाचे वय

मोटारसायकलचा एखादा खरचटलेला भाग घरी फवारून उरलेल्या गाडीशी मिळवायचा झाला, तर नेमका कोणता रंग मिळवायचा हे आधी ठरवावे लागते, कारण जुन्या गाडीला एकाच वेळी दोन रंग असतात: एक कारखान्यातून निघालेल्या दिवशीचा आणि दुसरा उन्हात उभे राहून आज झालेला. रंगाच्या संकेतांकावरून दुकानदार रंगद्रव्ये, म्हणजे रंग देणारे बारीक कण, वजन करून मिसळून देतो. पण ते मिश्रण पहिल्या दिवसाच्या रंगाचे असते, आणि दरम्यानच्या वर्षांत सूर्याच्या अतिनील किरणांनी टाकीचा वरचा भाग फिका झालेला असतो. काही लाल छटा तर डोळ्यांदेखत विटतात. टाकीवरचा बिल्ला सोडवला की त्याच्याखाली मूळचा गडद रंग जसाच्या तसा सापडतो, आणि संकेतांक बरोबर असूनही नवा भाग उपरा का दिसतो, याचे उत्तर त्या चार बोटे जागेत मिळते.

म्हणून जाणता रंगारी आधी पत्र्याच्या तुकड्यावर नमुना करतो. आजच्या बहुतेक गाड्यांचा रंग तीन थरांचा असतो: पृष्ठभागाला धरून ठेवणारे अस्तर, त्यावर निस्तेज दिसणारा रंग, आणि सर्वांत वर चकाकी व संरक्षण देणारा पारदर्शक थर, ज्याला बाजारात क्लिअर म्हणतात. क्लिअर चढल्याशिवाय खालच्या रंगाचा खरा गडदपणा उमटत नाही आणि पारभासक लाल-पिवळ्या रंगांतून अस्तराची छटाही डोकावते, त्यामुळे नमुन्यावर तिन्ही थर द्यावेच लागतात. तो नमुना टाकीला भिडवून, तिच्याच कोनात धरून, उन्हात आणि सावलीत पाहावा लागतो. वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी साधलेल्या दोन छटा एका प्रकाशात एकरूप आणि दुसऱ्या प्रकाशात परक्या दिसू शकतात, या घटनेला मेटामेरिझम म्हणतात, आणि रात्री ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग सकाळी अंगणात फसतो तो बहुधा यामुळेच.

मेटॅलिक रंगांत गुंता वाढतो. त्यांत अ‍ॅल्युमिनियमचे चपटे सूक्ष्म कण असतात. फवारा ओला व जाड पडला तर ते थरात बुडून वेडेवाकडे स्थिरावतात आणि समोरून रंग गडद दिसतो, उलट तो हलका व कोरडा पडला तर कण पृष्ठभागाला समांतर राहून रंग उजळतो. एकाच डब्यातला रंग दोन माणसांच्या हातून दोन छटांचा होतो, तेव्हा दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नसतो. मोटारसायकलची एक सोय मात्र मोटारीला नाही: तिचे भाग सुटे काढता येतात, त्यामुळे टाकीवरच्या ओरखड्यापुरता ठिपका देण्याऐवजी पूर्ण टाकी फवारता येते, आणि नव्या-जुन्या रंगाची सीमा दोन भागांमधल्या फटीत लपते.

फवारणीचे हे साधन मुळात रंगासाठी जन्मलेले नव्हते. अमेरिकेतील ओहायो राज्यातले डॉ. अ‍ॅलन डीव्हिलबिस यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस रुग्णांच्या घशात औषध उडवण्यासाठी फवारा बनवला आणि त्यांचे पुत्र थॉमस यांनी पुढे त्यातून रंगाची स्प्रे गन घडवली. १९४९ मध्ये इलिनॉय राज्यातील एडवर्ड सेमूर यांनी रंग आणि दाबाखालचा वायू एकाच डब्यात भरला, तोही रेडिएटरला द्यायच्या अ‍ॅल्युमिनियम रंगासाठी, म्हणजे ज्याची छटा कोणी कशाशी ताडून पाहणार नव्हते. घरगुती फवारणीची बरीचशी भिस्त आज याच डब्यावर आहे.

फवारणीपेक्षा तयारीला अधिक वेळ लागतो. खड्ड्यात लांबी भरून ती घासणे, पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने जुन्या रंगाची कड बोटाला जाणवेनाशी होईपर्यंत उतरवणे, आणि सिलिकॉनयुक्त पॉलिशचा अंश पुसून काढणे, यांतले एकही काम टाळता येत नाही, कारण तो अंश राहिला तर रंग तेथून मागे सरून माशाच्या डोळ्यासारखी गोल भोके पडतात. प्लास्टिकच्या भागांना चिकटपणा देणारे निराळे अस्तर लागते. डबा सुमारे २० सेंटिमीटरवर धरून, हात भागाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवत पातळ थर द्यायचे आणि दोन थरांत १०-१५ मिनिटे थांबायचे, हे ऐकायला सोपे असले तरी ओघळ येतो तो घाईच्या शेवटच्या थराला. दमट हवेत, विशेषतः कोकणच्या पावसाळ्यात, उडून जाणारा द्रावक पृष्ठभाग गार करतो, त्यावर बाष्प बसते आणि रंग दुधाळ होतो.

टाकीच्या बाबतीत शेवटचा थर सर्वांत नाजूक. डब्यातले साधे एकघटकी क्लिअर झाकणाभोवती सांडलेल्या पेट्रोलच्या थेंबांनी मऊ पडते. हार्डनर मिसळून कडक होणारे दोन घटकी क्लिअर टिकते, पण त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेट श्वासावाटे गेल्यास कायमचा दमा जडू शकतो आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्यापुढे निरुपयोगी असतो. त्यामुळे रंगापर्यंतचे काम घरी करून क्लिअर योग्य सोयी असलेल्या गॅरेजातून मारून घेणे बरे. मात्र खाली कोणता रंग दिला आहे हे तिथल्या रंगाऱ्याला आधी सांगावे, नाहीतर वरच्या थरातील तीव्र द्रावकाने खालचा रंग सुरकुतून वर येऊ शकतो.