धारचा दगड, देवासचे गुरुजी आणि आपली मुले

परभाषेच्या वर्गात बसलेले मूल गप्प असते. गुरुजींना वाटते, याला काही येत नाही. आईबापांना वाटते, याचे लक्ष नाही. पुष्कळदा त्याला उत्तर येत असते. पण ज्या भाषेत येते ती भाषा त्या वर्गात चालत नाही. सीमाभागातल्या वाचकांना हे आम्ही नव्याने सांगायला नको. आज मात्र आम्ही वाचकांना थोडे लांब, माळव्यात नेणार आहोत. हाच प्रश्न तिथल्या मराठी घरांपुढेही आहे.

धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. अठराव्या शतकात मराठी फौजांबरोबर पवार माळव्यात उतरले आणि तिथलेच झाले. दरबारात मराठी, रयतेच्या तोंडी माळवी. देवासची तर आणखीच गंमत. दोघा भावांच्या वंशांत संस्थान वाटले गेले. एक थोरली पाती, एक धाकटी. गाव एक, राजे दोन! मुख्य रस्त्याची एक बाजू एकाची, दुसरी दुसऱ्याची; दिवाबत्ती आणि पाण्याची सोयसुद्धा निरनिराळी. सीमा गावातून कशी जाते, हे आपल्याइतके कोणाला कळणार? 1948 साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि 1956 पासून हा मुलूख मध्य प्रदेशात आहे. तिथले मराठी मूल घरात मराठी बोलते, गल्लीत माळवी ऐकते आणि शाळेत हिंदी लिहिते.

धार संस्थानच्या शिक्षणखात्याचे प्रमुख का. कृ. लेले यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या भोजशाळा-कमाल मौला वास्तूतील शिलालेखांचा अभ्यास केला. त्या वास्तूचा वाद वेगळा. तो आमचा आजचा विषय नव्हे. त्या लेखांत नागबंध आहेत. संस्कृतची वर्णमाला आणि नामा-क्रियापदांचे प्रत्यय नागाच्या वेटोळ्यांत मांडून दगडावर कोरलेले आहेत. असेच लेख उज्जैनला आणि निमाडातल्या ऊन गावीही आहेत. जे अवघड आहे ते डोळ्यांसमोर सतत राहावे, येता-जाता नजर पडावी, ही त्यामागची सोय असावी, असे आम्हाला वाटते. आजच्या भाषेत हा भिंतीवरचा तक्ताच. अभ्यासाचा आधार तो हाच.

पण तक्ता मुलाच्या पाठीवरून हात फिरवत नाही. त्यासाठी माणूस लागतो.

देवासच्या थोरल्या पातीचे तुकोजीराव पवार (तिसरे) यांचा जन्म 1888 चा. अकराव्या वर्षी ते गादीवर आले. पुढे 1907 च्या सुमारास माल्कम डार्लिंग या तरुण इंग्रज अधिकाऱ्याची त्यांचा शिक्षक आणि पालक म्हणून नेमणूक झाली. शिक्षक आणि पालक, हे दोन्ही शब्द वाचकांनी ध्यानात घ्यावेत. या दोघांची मैत्री पुढे जन्मभर टिकली. 1908 साली तुकोजीरावांशी कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांच्या कन्येचा विवाह झाला. खुद्द शाहू महाराजही 1890 ते 1894 या काळात धारवाडला फ्रेजर या शिक्षकाच्या देखरेखीखाली शिकले होते.

राजाच्या मुलाला असा माणूस मिळतो. शेतकऱ्याच्या मुलाला कोण? शाहू महाराजांनी या प्रश्नाचे उत्तर कृतीने दिले. 1901 साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि मग निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली. 1917 साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम काढला. वसतिगृह म्हणजे नुसते जेवण आणि निजणे नव्हे. रात्री दिव्याखाली कोण बसले, कोण बसले नाही, कोणाला घरची आठवण येते, हे पाहणारे कोणीतरी तिथे असते.

चांगला शिक्षक लाभला म्हणून पुढचे सारे सुरळीत होतेच, असे नाही. तुकोजीरावांचे संस्थान कर्जात बुडाले, ते पाँडिचेरीला निघून गेले आणि 1937 साली तिथेच वारले. म्हणून आधार एकाच माणसाचा नको. शाळा, घर आणि गाव अशा तिघांचा हवा.

कायद्यानेही काही दिलेले आहे. राज्यघटनेचे कलम 350 अ, 1956 च्या दुरुस्तीने आलेले, सांगते की भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय राज्यांनी करण्याचा प्रयत्न करावा. त्याआधी 1949 साली प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने असे ठरवले होते, की वर्गात 10 किंवा शाळेत 40 मुले एका भाषेची असतील तर त्या भाषेचा निदान एक शिक्षक द्यावा. आपल्या गावच्या पालकांनी हा आकडा पाठ करावा आणि शाळेचा पट मोजावा. अर्ज करायचा तो आकड्यानिशी करावा. नुसत्या गाऱ्हाण्याला कोणी विचारत नाही.

अर्जाचे उत्तर येईपर्यंत मात्र मुलाचे वर्ष थांबत नाही. प्राथमिक शाळा संपून जिथे माध्यम बदलते, तिथे पहिले सहा महिने जड जातात. गावातल्या एखाद्या शिकलेल्या मुलाने वा मुलीने संध्याकाळी देवळात किंवा समाजमंदिरात तासभर बसावे. गणित, विज्ञान, भूगोलातले नवे शब्द दोन्ही भाषांत लिहून एक तक्ता भिंतीला लावावा. दोन दिवस गैरहजर राहिलेल्या मुलाच्या घरी कोणीतरी जाऊन यावे. त्याला चुकवल्याचा जाब विचारू नये, काय अडले ते विचारावे. गुरुजी कन्नड असोत वा मराठी, पालकांनी त्यांना महिन्यातून एकदा भेटावे. मूल का गप्प आहे, हे कळले तर बहुतेक गुरुजी मदतच करतात, असा आमचा अनुभव आहे.

नवी भाषा शिकण्याला आमचा विरोध नाही. माळव्यातली मराठी मुले हिंदी शिकली, आपलीही कन्नड शिकतील आणि शिकावीतच. पण शिकताना त्यांची जीभ मिटता कामा नये. धारचा दगड आणि देवासचे गुरुजी हे दोन्ही आपल्या गावच्या शाळेत असले, म्हणजे तक्ताही असला आणि विचारपूस करणारा माणूसही असला, तर मागच्या बाकावरचे ते मूल एक दिवस हात वर करील.